ट्रकची जुनी जाहिरात तळापासून वर वाचा: इंटरनॅशनल हार्वेस्टरचे कागद ओळखायचे, जमवायचे आणि टिकवायचे कसे

जुन्या ट्रकची जाहिरात हातात आली की नजर आधी चित्रावर जाते. लाल ट्रक, मागे मक्याचं शेत, स्टीअरिंगवर हसरा शेतकरी. विकणारेही चित्रच विकतात आणि खाली अंदाजाने एखादं साल ठोकून देतात. शिकागोच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या ट्रकांच्या जाहिराती जमवायच्या असतील, तर उलटी सवय लावून घ्या: पान तळापासून वर वाचा. या कंपनीने तळाच्या बारीक ओळींत इतकं काही लिहून ठेवलंय, की चित्राकडे न बघताही पुष्कळ पानांचं साल तीन-चार वर्षांच्या टप्प्यात पकडता येतं. हे का, ते समजायला कंपनीची थोडी कुंडली माहीत हवी.

कापणीयंत्रं विकणाऱ्यांचा ट्रक

मॅकॉर्मिक आणि डीअरिंग या कापणीयंत्रांच्या धंद्यातल्या दोन हाडवैरी कंपन्या. १९०२ साली जे. पी. मॉर्गन यांच्या पेढीच्या मध्यस्थीने त्या आणि आणखी तीन लहान कंपन्या एकत्र आल्या, आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर उभी राहिली. १९०७ मध्ये तिने ‘ऑटो बग्गी’ बाजारात आणली. घोडागाडीसारखी उंच चाकं, भरीव टायर, हवेवर थंड होणारं दोन सिलिंडरचं इंजिन. अमेरिकेच्या खेड्यांतले रस्ते तेव्हा चाकोऱ्या पडलेले, पावसात चिखलाने भरणारे. उंच चाकांची गाडी त्यातून निघायची. मागचं बाकडं काढलं की माल ठेवायला जागा. उत्पादन शिकागोत सुरू झालं आणि लवकरच ओहायोतल्या ॲक्रनला हललं. दोनच वर्षांत खास मालासाठी ‘ऑटो वॅगन’ आली. सुरुवातीच्या या गाड्यांवर ‘आयएचसी’ अशी गुंफलेली अक्षरं असतात. ‘इंटरनॅशनल’ हे नाव ट्रकांवर १९१४ पासून येतं. जमवणाऱ्यासाठी ही पहिली मोठी रेघ.

दुसरी रेघ १९२१ ची. त्या वर्षी स्प्रिंगफील्ड, ओहायो इथे ‘मॉडेल एस’ हा हलका आणि त्या काळाच्या मानाने वेगवान ट्रक सुरू झाला. कंपनीने तो लाल रंगात आपल्याच दुकानदारांच्या गळ्यात घातला आणि त्याचं नाव पडलं ‘रेड बेबी’. गिऱ्हाईक दुकानात येईपर्यंत वाट बघायची नाही, गाडीत नांगर किंवा सुटे भाग टाकून सरळ त्याच्या बांधावर जायचं, हा त्यामागचा हिशेब. म्हणजे ट्रक हाच माल आणि ट्रक हीच फिरती जाहिरात. वेळही तशीच होती. शेतमालाचे भाव कोसळलेले, आणि १९२२ च्या फेब्रुवारीत हेन्री फोर्ड यांनी फोर्डसन ट्रॅक्टरची किंमत ३९५ डॉलरवर आणली. हार्वेस्टरच्या अलेक्झांडर लेग यांनी आपल्या ट्रॅक्टरची किंमत २३० डॉलरने उतरवली आणि वर नांगर फुकट दिला. रेड बेबीच्या जाहिराती या भांडणाच्या पार्श्वभूमीवर वाचल्या की त्यातली घाई समजते.

आता जाहिरातीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. फोर्ड आणि शेवरलेटचा ट्रक बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्यांच्या मोटारी असायच्या. हार्वेस्टरने ऑटो बग्गीचे दिवस सरल्यावर कुटुंबाची मोटार अशी बनवलीच नाही. तिची ओळख होती कापणीयंत्र, नांगर आणि पेंढ्या बांधायची सुतळी. म्हणून तिच्या ट्रकच्या जाहिरातीला दोन कामं करावी लागत: ‘आम्ही ट्रकही करतो’ हे शहरातल्या वाहतूकदाराला सांगायचं, आणि ‘तुमच्या नांगराचा दुकानदारच ट्रक विकतो’ हे शेतकऱ्याला. जाहिरातीच्या तळाशी कंपनीच्या सगळ्या मालाची जी भलीमोठी यादी असते, ती इथून आली.

पहिली पायरी: तळाची ओळ

पानाचा सर्वांत खालचा दीड-दोन इंचाचा पट्टा हा जाहिरातीचा सातबारा. चांगल्या उजेडात, भिंग घेऊन बसा आणि पाच गोष्टी शोधा.

कंपनीचं पूर्ण नाव. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या पानांवर पुष्कळदा ‘इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनी ऑफ अमेरिका (इन्कॉर्पोरेटेड)’ असं लांबलचक नाव दिसतं. युद्धोत्तर पानांवर ते आटोपशीर होऊन ‘इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनी, शिकागो’ एवढंच उरतं.

पत्ता. ‘६०६ साउथ मिशिगन ॲव्हेन्यू’ दिसलं तर पान जुनं, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकापासून तिशीच्या मध्यापर्यंतचं. ‘१८० नॉर्थ मिशिगन ॲव्हेन्यू’ दिसलं तर तिशीच्या उत्तरार्धातलं किंवा त्यानंतरचं.

गावाच्या नावापुढचा आकडा. ‘शिकागो १, इलिनॉय’ यातला १ हा टपाल विभाग. अमेरिकी टपाल खात्याने मोठ्या शहरांना असे आकडे १९४३ मध्ये दिले आणि १ जुलै १९६३ ला पाच आकडी झिप कोड आणला. तेव्हा नुसता १ असलेलं पान १९४३ च्या आधीचं असूच शकत नाही, आणि साधारण १९६३ च्या पुढेही जात नाही. हाच डाव आपल्या जुन्या दिवाळी अंकांवरही चालतो. ‘मुंबई ४’, ‘पुणे ३०’ असे पत्ते १५ ऑगस्ट १९७२ ला श्रीराम भिकाजी वेलणकर यांची पिन कोड पद्धत आली, त्याआधीच्या काळातले. ज्याच्याकडे किर्लोस्करांच्या नांगराच्या किंवा इंजिनाच्या जाहिरातींचा गठ्ठा आहे, त्याने करून बघावं.

मालाची यादी. माझ्या मते हा सर्वांत खात्रीचा पुरावा, कारण कंपनी यादीत जे विकत होती तेच लिहायची. ‘मॅकॉर्मिक-डीअरिंग’ हे जोडनाव विशीच्या सुरुवातीपासून चाळिशीच्या अखेरीपर्यंतचं. ते कसं जन्मलं, हेही मजेशीर आहे: मक्तेदारीविरोधी खटल्यात १९१८ साली झालेल्या तडजोडीनुसार कंपनीला एका गावात एकच दुकानदार ठेवायची मुभा उरली, मग दोन वेगळ्या छापांची यंत्रं विकण्यात अर्थच राहिला नाही. पुढे नुसतं ‘मॅकॉर्मिक’ उरलं. यादीत ‘रेफ्रिजरेटर आणि फ्रीझर’ असतील तर लगेच पेन्सिल काढा. हार्वेस्टर घरगुती फ्रिजच्या धंद्यात १९४७ मध्ये उतरली आणि १९५५ मध्ये तो धंदा व्हर्लपूलला विकून मोकळी झाली. ट्रकच्या पानावर फ्रिज म्हणजे या आठ-नऊ वर्षांतलं पान.

रेडिओ किंवा टीव्हीचा उल्लेख. ‘हार्वेस्ट ऑफ स्टार्स’ हा गाण्यांचा रेडिओ कार्यक्रम कंपनी १९४५ ते १९५० या काळात पुरस्कृत करत होती, त्यात गायक जेम्स मेल्टन असायचे. त्या काळातल्या ट्रकच्या पानांवर ‘रेडिओ लावा’ अशी ओळ येते. १९५४-५५ च्या पानांवर तीच जागा ‘द हॉल्स ऑफ आयव्ही’ या टीव्ही मालिकेने घेतलेली दिसते. मालिका एकच हंगाम चालली, त्यामुळे ती ओळ सापडली की साल सापडलंच म्हणायचं.

आता हे सगळं एका पानावर लावून बघू. समजा तळाशी ‘शिकागो १’ आहे, यादीत फ्रिज आहे, आणि रेडिओचीही ओळ आहे. आकड्यामुळे १९४३ ते १९६३, फ्रिजमुळे १९४७ ते १९५५, रेडिओमुळे १९४५ ते १९५०. म्हणजे १९४७ ते १९५०. आता मान वर करून ट्रककडे बघा. तोंडावर दोन भागांची काच असेल तर ‘केबी’ सीरीज (सीरीज म्हणजे ट्रकची एक पिढी, त्या पुढच्या पायरीत येतात), म्हणजे १९४७ ते १९४९. एकसंध वळणदार काच असेल तर ‘एल’, म्हणजे १९५०. चित्र इथे निकाल द्यायला आलं, सुरुवात करायला नाही.

दुसरी पायरी: ट्रकचं तोंड

सगळ्या सीरीज पाठ करायची गरज नाही. जाहिराती सर्वाधिक ज्या काळातल्या मिळतात, तो १९३७ ते १९७५ चा पट्टा नीट ओळखता आला की काम भागतं.

‘डी’ सीरीज १९३७ ते १९४०. ‘के’ १९४० च्या अखेरीस आली. युद्धानंतर तिच्याच तोंडात खालच्या बाजूला पंख पसरल्यासारखी रुंद जाळी बसवून ‘केबी’ झाली. या काळातल्या ट्रकच्या नाकावर तीन चौकटींचं चिन्ह, ‘ट्रिपल डायमंड’, आणि मजकुरात ‘ग्रीन डायमंड’ इंजिनाचं नाव. १९५० ची ‘एल’ पूर्णपणे नवी होती. तिच्या केबिनला जाहिरातीत ‘कम्फो-व्हिजन’ म्हणत, काचेला ‘स्वीपसाइट’, आणि इंजिन ‘सिल्व्हर डायमंड’. १९५३ ची ‘आर’: जाळीच्या जागी एक आडवा लंबगोल आणि मध्ये ‘आयएच’ चिन्ह. १९५५ च्या ‘एस’ मध्ये हेडलाइट मडगार्डांवर वर सरकले. १९५७ ची ‘ए’, यातला ‘ए’ ॲनिव्हर्सरीचा, ट्रकच्या धंद्याला ५० वर्षं झाली म्हणून. त्या वर्षीच्या पानांवर पन्नाशीचा उल्लेख हमखास सापडतो. १९५९ च्या ‘बी’ ला चार हेडलाइट, दोनावर दोन रचलेले. १९६१ च्या ‘सी’ ला तेच चार आडवे, शेजारी शेजारी. पुढे १९६३ पासून पुन्हा एकेरी दिवे.

हे सगळं हलक्या पिकअपांना लागू. मोठ्या ट्रकांच्या बाबतीत जपून. ‘आर’ सीरीजची केबिन अवजड गाड्यांवर साठच्या दशकातही चालूच राहिली, त्यामुळे नुसतं तोंड बघून ‘१९५४’ लिहिलेलं पान प्रत्यक्षात १९६२ चं निघू शकतं. अशा वेळी पुन्हा तळाकडे.

आणखी दोन नावं वेगळी लक्षात ठेवा. ‘मेट्रो’ ही दूध-पाव पोचवणारी गुबगुबीत व्हॅन १९३८ ची, डिझायनर रेमंड लोई यांनी आखलेली. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसासारखं दिसणारं लाल-काळं ‘आयएच’ चिन्हही लोई यांचंच. ते दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आलं, तेव्हा ‘युद्धापूर्वीचं’ म्हणून विकायला ठेवलेल्या पानावर हे चिन्ह दिसलं तर विक्रेत्याशी भाव करायला हरकत नाही. दुसरं नाव ‘स्काउट’. फोर्ट वेन इथे तयार झालेली, जीपला टक्कर देणारी ही गाडी १९६० च्या अखेरीस आली, १९७१ मध्ये ‘स्काउट टू’ झाली आणि १९८० मध्ये थांबली. हलके पिकअप त्याआधीच, १९७५ मध्ये बंद झाले होते.

तिसरी पायरी: मग मजकूर, आणि शेवटी चित्र

साल हाती लागलं की मजकूर वाचायला खरी गंमत येते, कारण कंपनीची भाषा दर दशकाला कूस बदलते.

विशीत ती शेतकऱ्याशी वेळेवर बोलते: बाजार किती लांब, फेरीला किती तास, घोड्यांच्या जोडीला किती. तिशीत मंदी आहे, म्हणून टिकाऊपणा आणि सर्व्हिस. १९४२ च्या सुरुवातीला नागरी ट्रकांचं उत्पादन थांबलं, आणि कंपनीला विकायला काही नसताना जाहिरात करायची वेळ आली. ही पानं माझी सर्वांत आवडती आहेत. विकायला ट्रकच नाही, म्हणून असलेला ट्रक कसा जपावा हे सांगतात. सैन्यासाठी बनवलेल्या हाफ-ट्रॅकची, म्हणजे पुढे चाकं आणि मागे रणगाड्यासारखे पट्टे असलेल्या गाड्यांची, चित्रं टाकतात. खाली ‘वॉर बाँड घ्या’, म्हणजे युद्धासाठी सरकारचे कर्जरोखे. बाजारात या पानांना फारशी मागणी नसते, त्यामुळे स्वस्तही मिळतात. जाहिरातीचं काम नेमकं काय असतं, ते या पानांत सगळ्यात उघडं दिसतं.

युद्धानंतर सूर बदलतो. १९५० च्या ‘एल’ च्या वेळी ‘सगळं नवं, सगळं तावूनसुलाखून घेतलेलं’ असा दावा आहे. नवीन वस्तू घ्यायला बिचकणाऱ्या शेतकऱ्याची नाडी ज्याने ओळखली, त्यानेच तो लिहिला असणार. पन्नाशीच्या उत्तरार्धात ‘बाळगायला सर्वांत स्वस्त’ हे पालुपद येतं आणि त्याच्या जोडीला ‘आमचे भाग मोटारीतून उसने आणलेले नाहीत, सगळा ट्रकच आहे’ हा टोमणा. टोमणा कोणाला, हे नाव न घेताही डेट्रॉइटला, म्हणजे अमेरिकेतल्या मोटारवाल्यांच्या गावाला, कळत होतं. कंपनीची सगळी हुशारी मला या एका युक्तिवादात दिसते: मोटार बनवत नाही, ही उणीवच तिने बढाईत बदलली. मात्र साठच्या दशकात पिकअप शहरी माणसाची हौस व्हायला लागला, आणि मग हेच भांडवल अपुरं पडलं. स्काउटच्या जाहिरातींत माणसं सहलीला, मासे पकडायला निघालेली दिसतात, नांगर गायब.

चित्राकडे बघताना ट्रकच्या मागे काय आहे ते टिपून ठेवा. दुधाचे कॅन, कापसाच्या गासड्या, तेलविहिरीची शिडी, मेंढ्या. एकच ट्रक वेगवेगळ्या मासिकांत वेगवेगळ्या कामांवर दाखवलेला असतो. ‘कंट्री जंटलमन’ किंवा ‘सक्सेसफुल फार्मिंग’ मध्ये शेत, ‘फॉर्च्यून’ मध्ये मालवाहतुकीचा ताफा. एका मोहिमेची अशी दोन-तीन रूपं शेजारी ठेवायला मिळाली, तर तो संग्रह. नुसती सुंदर पानं जमली तर ती वॉलपेपरची तयारी.

चौथी पायरी: असली की नक्कल

पान उलटा. असली मासिकाच्या पानाला मागची बाजू असते, आणि त्यावर भलतंच काहीतरी असतं: अर्धी कथा, साबणाची जाहिरात, वाचकांची पत्रं. मागे कोरा कागद असेल, तर तो दुकानातला फलक असू शकतो किंवा गेल्या वर्षीचा प्रिंटआउट. बहुतेक वेळा दुसरंच.

मग छापखान्यात वापरतात तसलं दहापट भिंग घ्या आणि ट्रकच्या लाल रंगावर ठेवा. जुन्या चार रंगांच्या छपाईत लाल हा सलग लाल नसतो; गुलाबी आणि पिवळ्या ठिपक्यांची नियमित जाळी दिसते, ठिपके रांगेत, प्रत्येक रंगाची रांग थोड्या वेगळ्या कोनात. खिळ्यांच्या छपाईत ठिपक्याच्या कडेला शाई दबून किंचित गडद वळं येतं आणि अक्षरांचा ठसा कागदाच्या मागून बोटाला लागू शकतो. इंकजेट प्रिंटमध्ये ठिपके वाळू सांडल्यासारखे अस्ताव्यस्त असतात. ठिपक्यांवर ठिपके चढून लहरींची नक्षी दिसत असेल, तर ती छापलेल्या पानाचीच पुन्हा केलेली छपाई. काळी बारीक अक्षरंही बघा: असली पानावर काळा निव्वळ काळा असतो, नकलेत त्याच्या कडेला रंगीत किनार येते.

कागदाचा पिवळेपणा पुरावा धरू नका, चहाच्या पाण्यात बुडवून तो कोणीही आणतो. असली पान बहुधा कडेकडून पिवळं पडत आत येतं.

मासिकाचं नावही तपासा. ‘कॉलिअर्स’ १९५७ च्या जानेवारीत बंद पडलं. तेव्हा १९५९ ची चार दिव्यांची ‘बी’ सीरीज ‘कॉलिअर्स’ मधली म्हणून कोणी विकत असेल, तर त्याला नमस्कार करून पुढे चला.

पाचवी पायरी: कुठे शोधायचं

पैसे खर्च करण्याआधी फुकटचं बघून घ्या. मॅडिसन इथल्या विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीकडे मॅकॉर्मिक-इंटरनॅशनल हार्वेस्टर संग्रह आहे. कंपनीची छायाचित्रं, भित्तिपत्रकं आणि जाहिराती यांचा एवढा मोठा साठा दुसरीकडे नाही, आणि त्यातला बराच भाग घरबसल्या बघता येतो. ‘लाइफ’ या अमेरिकी मासिकाचे १९३६ ते १९७२ चे अंक गूगल बुक्सवर पानोपान आहेत. तिथे ‘इंटरनॅशनल ट्रक्स’ एवढं शोधलं तरी एक संध्याकाळ जाते. तुमच्याकडचं पान कोणत्या अंकातलं, हे पडताळायला याहून चांगली जागा नाही.

विकत घ्यायचं तर दोन वाटा आहेत. सुटं पान सोपं आणि स्वस्त. साध्या रंगीत पानाला सहसा दहा-वीस डॉलर पुरतात, स्काउटच्या कागदांना जास्त मोजावे लागतात. पण जमलं तर मी अख्खा अंक घ्या म्हणेन. साल आणि तारीख मुखपृष्ठावरच असते, शिवाय शेजारच्या पानावर फोर्ड काय म्हणत होता तेही कळतं. अंक फाडून एकेक पान विकण्याचा धंदा जोरात आहे आणि त्यापायी चांगले अंक संपत चाललेत. भारतात मागवताना टपालखर्च पानाच्या किमतीच्या वर जातो, म्हणून एकाच विक्रेत्याकडून पाच-दहा पानं एकदम घ्या. नळीत गुंडाळून नको, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट पाठवा, असं आधीच लिहून सांगा; जुना कागद एकदा गुंडाळला की उलगडताना घडीवर तुटतो.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना हेवा वाटावा अशी सोय आहे. इलिनॉय, आयोवा, इंडियाना, विस्कॉन्सिन या पट्ट्यात उन्हाळ्यात जुन्या ट्रॅक्टरांच्या जत्रा भरतात, आणि हार्वेस्टर जमवणाऱ्यांचं ‘रेड पॉवर राउंड-अप’ दरवर्षी भरतं. तिथे मासिकांची पानं कमी आणि दुकानदारांकडचे कागद जास्त असतात: घडीची माहितीपत्रकं, कॅलेंडरं, काड्यापेट्या, टीपकागद. माहितीपत्रक हाती आलं तर मागच्या पानाच्या तळाशी छपाईचा बारीक क्रमांक शोधा, कधीकधी त्यात तारीखही असते. दुकानदाराचा शिक्का असेल तर तो पुसायला जाऊ नका. कुठल्या गावातल्या कुठल्या दुकानातून ते गेलं, हे सांगणारा तोच एक पुरावा.

आपल्याकडे मुंबईच्या फुटपाथवर आणि रद्दीवाल्यांकडे जुने ‘लाइफ’ अजून अधूनमधून निघतात. पण त्यात परदेशी वाचकांसाठीची वेगळी आवृत्तीही असायची आणि तिच्यातल्या जाहिराती वेगळ्या. म्हणून अंक घेण्याआधी मुखपृष्ठ नीट वाचा.

कांदिवली आणि चाकण

महाराष्ट्रात या कंपनीचा धागा ट्रॅक्टरमधून आला. १९६३ मध्ये महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. कांदिवलीच्या कारखान्यातून ‘बी-२७५’ ट्रॅक्टर बाहेर पडला. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रमध्येच विलीन झाली. पुढे हार्वेस्टरचा शेतीयंत्रांचा धंदा टेनेकोच्या केस कंपनीकडे गेला, ट्रकचा धंदा मागे राहिला आणि १९८६ मध्ये त्याचं नाव नॅव्हिस्टार झालं. त्याच नॅव्हिस्टारबरोबर महिंद्रने २००५ मध्ये ट्रकसाठी भागीदारी केली आणि चाकणला कारखाना उभा राहिला. २०१२-१३ च्या सुमारास अमेरिकी भागीदार बाहेर पडला.

जमवणाऱ्याला यातून काय मिळतं? बी-२७५ ची मराठी माहितीपत्रकं, वापराच्या पुस्तिका, गावोगावच्या दुकानांतल्या पाट्या. अमेरिकी पानांना तिथे शेकडो गिऱ्हाइकं आहेत. हे कागद मात्र माळ्यावर, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये, बंद पडलेल्या दुकानांच्या कपाटात पडून आहेत. सांगली-कोल्हापूरकडे, नाशिक-नगरकडे कोणाच्या घरी जुना ट्रॅक्टर असेल तर कागदांची चौकशी जरूर करा. मालकाला ते विकायचे नसतील तर तिथल्या तिथे फोटो काढून घ्या.

पावसाळ्यात टिकवायचं तर

कागदाचे शत्रू इथे तीन: दमट हवा, ऊन आणि कसर. मासिकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल असतं. त्यामुळे तो आपोआप पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. लॅमिनेशन करू नका. ते परत काढता येत नाही आणि आतला कागद आतल्या आतच खराब होत राहतो. सेलोटेपही नको, तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी डाग होऊन बसतो. साध्या पीव्हीसीच्या फायलींत पान ठेवलं तर शाई प्लॅस्टिकला चिकटते. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं घ्या, आत आम्लमुक्त पुठ्ठा, आणि पाकिटं पेटीत आडवी. पेटी भिंतीला चिकटवून ठेवू नका, पहिली ओल भिंतीतून येते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण त्या दर पावसाळ्याआधी बदला किंवा तापवून घ्या. भिजलेली पुडी उगाच जागा अडवते. कोकणात किंवा मुंबईत राहात असाल तर जून ते सप्टेंबर पेटी महिन्यातून एकदा उघडून बघा, पाऊस नसलेल्या दुपारी.

भिंतीवर लावायची हौस असेल तर स्कॅन छापून लावा. लाल शाई उन्हात सर्वांत आधी उडते, आणि या कंपनीच्या पानात लाल गेला तर उरलं काय?

स्कॅन आणि नोंद

स्कॅन करताना पानामागे काळा कागद ठेवा, नाहीतर मागच्या बाजूची साबणाची जाहिरात ट्रकच्या बॉनेटवर उमटते. ६०० डीपीआय, टिफ फाइल, रंगात. स्कॅनरमधली ठिपके घालवायची सोय मूळ फाइलसाठी बंद ठेवा. ते ठिपके म्हणजेच छपाईचा पुरावा आहे. इंटरनेटवर टाकायची लहान प्रत वेगळी करा. मोठ्या साप्ताहिकांची पानं ए-४ स्कॅनरवर मावत नाहीत. दोन भागांत स्कॅन करा आणि तळाचा पट्टा दुसऱ्या भागात पूर्ण येईल असं बघा.

फाइलच्या नावात साल, मासिक, सीरीज आणि पान आणा: ‘१९५० – एल – सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’. साल अंदाजे असेल तर तसं लिहा आणि तो अंदाज कशावरून केला तेही: ‘फ्रिज आहे, रेडिओ आहे, वळणदार काच’. पुढे कोणी चूक दाखवली तर नेमका कुठला पुरावा कमी पडला ते कळतं.

छापून विकायचा विचार असेल तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. अमेरिकेत प्रकाशनाला ९५ वर्षं झाली की जुनी जाहिरात सर्वांसाठी मोकळी होते, म्हणजे रेड बेबीची पानं आज कोणीही छापू शकतो. पण चिन्हं अजून जिवंत आहेत: लाल-काळं ‘आयएच’ केस आयएचकडे, आणि ‘इंटरनॅशनल’ हे नाव ट्रकच्या कंपनीकडे, जिने २०२४ मध्ये नॅव्हिस्टार सोडून ‘इंटरनॅशनल’ च पुन्हा धारण केलं. जुनं पान लेखात दाखवणं वेगळं. तेच चिन्ह टी-शर्टवर छापून विकायचं असेल तर आधी वकिलाला विचारा.